वाहत्या चित्राचा मुक्काम

टीव्ही दाखवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या मागच्या टोकाला पत्र्याचा एक चपटा डबा असायचा. बोटभर लांब, चारी बाजूंनी बंद. बाकीचं सगळं कार्ड उघडंवाघडं: चिप, तांब्याच्या बारीक रेषा, गरगरणारा छोटा पंखा. झाकलेला तो एकटाच. कॉम्प्युटरच्या पोटात विजेचा अखंड गलबला चाललेला असतो, आणि केबलमधून येणारा टीव्हीचा सिग्नल त्या मानाने फार अशक्त. त्याला सांभाळून आत घ्यायचं तर पत्र्याचा आडोसा हवाच. डब्याचं तोंड कॅबिनेटच्या मागून बाहेर डोकवायचं. तिथे केबलवाल्याची पिन खोचली, की एकाच काळ्या वायरीतून गर्दीने येणाऱ्या वाहिन्यांमधली नेमकी एक आत घेतली जाई आणि बाकीच्या दारातच थांबत. त्या डब्यावरून बोट फिरवायला मला फार आवडे.

अशी कार्डं बनवण्यात नाव होतं एटीआयचं. हाँगकाँगहून कॅनडात गेलेल्या मंडळींनी १९८५ साली टोरांटोजवळ काढलेली ही कंपनी. तिने १९९६ साली ‘ऑल-इन-वंडर’ आणलं. पडद्यावर चित्र काढायचं, टीव्ही दाखवायचा आणि दिसेल ते नोंदवून ठेवायचं, ही कामं एकाच कार्डावर. पुढे २००० साली त्याची रेडिऑन आवृत्ती आली. नंतरच्या काही कार्डांबरोबर रेडिओलहरींवर चालणारा रिमोट मिळे. तो पडद्याकडे रोखावाही लागत नसे, दुसऱ्या खोलीतूनही चाले. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेलं कार्ड मात्र आपल्याकडे उपयोगाचं नसे. तिथलं प्रक्षेपण ५२५ ओळींचं, सेकंदाला जवळजवळ तीस चित्रांचं. आपल्याकडे पाल पद्धत: ६२५ ओळी, सेकंदाला पंचवीस चित्रं. आमचं कार्ड म्हणूनच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आलं होतं, आणि तेही ‘पालचंच ना?’ असं दुकानदाराला पुन्हा पुन्हा विचारून.

पडद्यावरचं टीव्हीचं चित्र म्हणजे खरं तर एकामागून एक येणाऱ्या ओळी. एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद. तेवढ्यात ती आली आणि गेली. त्या काळच्या साध्या टीव्हीला तिची आठवण नसे. काचेवर उजेड पडे, पुढच्या ओळीची वेळ होई, संपलं. कार्डावरची चिप मात्र ती जाता जाताच मोजून घेई. ओळीचे ७२० ठिपके, प्रत्येकाचा उजेड किती, रंग कुठला, सगळ्याचे आकडे. मुंबईहून, दिल्लीहून, उपग्रहावरून फिरत आलेली लहर आमच्या टेबलाखाली आकड्यांत उतरायची. त्या वयात मला याच्याइतकं थोर काही वाटलं नव्हतं. आजही वाटत नाही.

त्यातली आणखी एक गोष्ट लक्षात राहिली आहे. टीव्ही चालू असताना पडद्याचा फोटो घ्यावा म्हणून प्रिंट स्क्रीनचं बटण दाबलं, की चित्राच्या जागी नुसता एकरंगी चौकोन मिळे. विंडोजला तिथे चित्र आहे याचा पत्ताच नसे. त्याने रंगवलेल्या त्या चौकोनावर कार्ड शेवटच्या क्षणी आपलं चित्र ठेवून देई. पडद्यावर माणसं बोलताहेत, हसताहेत, आणि कॉम्प्युटरच्या लेखी तिथे कुणीच नाही. ‘रेकॉर्ड’ म्हटल्यावरच ती माणसं डिस्कवर मुक्कामाला येत.

मुक्कामाला जागा हवी, आणि ती फार थोडी होती. ७२० गुणिले ५७६ ठिपके, प्रत्येकाला दोन बाइट, सेकंदाला पंचवीस चित्रं: सेकंदाला वीस एमबीच्या वर. तासाभराचे पंच्याहत्तर जीबी, आणि आमची डिस्क चाळीसची. म्हणून चित्र दाबून लहान करावं लागे. एमपेग-२ मध्ये तास साधारण पावणेतीन जीबीत बसे. एक चित्र पूर्ण ठेवायचं आणि पुढच्या चित्रांत बदल तेवढेच लिहायचे, ही त्याची रीत. बातम्या सांगणारी बाई स्वस्तात बसायची. तिच्यामागची भिंत हलत नाही, खांदे हलत नाहीत, हलतात ते ओठ.

अनंत चतुर्दशीची मिरवणूक मात्र सगळीच हलते.

आमचं घर पुण्यात, सदाशिव पेठेत. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडचा आवाज खिडकीतून आत यायचा आणि चित्र केबलवाल्याच्या स्थानिक वाहिनीवरून. दादा ढोलपथकात होता. गर्दीत जायला आईचे गुडघे साथ देत नव्हते, म्हणून ती कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून सकाळपासून बसलेली. “अगं, त्यांचं पथक आलं बघ चौकात. लाव ना ते रेकॉर्डला!” मी लावलं. या कार्डात चालू कार्यक्रम थांबवायचीही सोय होती: पडद्यावरचं चित्र थबके, पण मागे डिस्कवर नोंदणं चालूच राही, आणि आपण हवं तेव्हा थांबलो तिथून पुढे पाहायचं. दादाचा चेहरा आला तसं आईने बटण दाबलं.

पडदा थांबला. दादाचा हात वर, हातात टिपरू, डोक्यावर गुलालाचा ढग. आणि खिडकीतून ढोलांचा आवाज तसाच येत राहिला. घरातली मिरवणूक उभी होती, रस्त्यावरची चालली होती. आई वाकून, चष्मा वर करून पडदा पाहत होती. टीव्हीवर इतक्या निवांतपणे तिने कुणालाच कधी पाहिलं नव्हतं. मग पाहुणे आले, चहा झाला, त्यांच्यासाठी ती मिरवणूक पुन्हा मागे नेली, पुन्हा थांबवली. अखेर दादाच दारात येऊन उभा राहिला, केसांत गुलाल, हाताच्या बोटांना चिकटपट्ट्या, आणि पाणी मागू लागला. पडद्यावर तो अजून चौकातच होता. आईने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि त्याला म्हणाली, “थांब रे, तुझं वाजवून होऊ दे.”

ती फाइल माझ्याकडे आहे. गुलाल उधळला की चित्र कोलमडतं. सगळंच बदलतंय, लिहायचं किती? मग गुलालाचे लहान लहान गुलाबी चौकोन होतात आणि वाऱ्यावर सरकतात. आवाजाचंही तसंच. तो एका बारीक काळ्या वायरीने साउंड कार्डाच्या निळ्या भोकातून जायचा आणि तिथल्या वेगळ्या घड्याळावर मोजला जायचा. दोन घड्याळांचा मेळ हळूहळू सुटतो. फाइलच्या सुरुवातीला टिपरू पडतं तिथेच ठोका येतो; शेवटाकडे टिपरू परत वर गेल्यावर तो ऐकू येतो.

याच फाइलमध्ये कुणीही मुद्दाम न ठेवलेलं कितीतरी आहे. खाली सरकणारी केबलची पट्टी: साड्यांचा सेल, शिकवणीचे वर्ग, हरवलेल्या मुलाचं वर्णन. कोपऱ्यातलं घड्याळ. मध्येच एका सराफाची जाहिरात, तिच्यातला फोन नंबर अजून सात आकडी. त्या वाहिनीवाल्यांकडे मी पुढे चौकशी केली, तर टेप पुसून पुन्हा वापरायची त्यांची रीत होती. जुनं काही उरलेलं नाही. स्थानिक केबलवर दिसलेल्या त्या काळातल्या पुण्याची शिल्लक अशीच असणार, घराघरांतल्या कॉम्प्युटरवर कुणी ना कुणी आपल्या माणसासाठी नोंदवलेल्या फायलींत. तिची किंमत संग्रहालयातल्या कुठल्याही चित्रफितीइतकी आहे असं मी मानते.

कार्डांचे दिवस लवकर सरले. २००६ साली एएमडीने एटीआय विकत घेतली, २००८ साली ‘ऑल-इन-वंडर एचडी’ आलं आणि ती परंपरा तिथेच थांबली. केबलच्या डिजिटलीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यात पुणं होतं. मुदत ३१ मार्च २०१३. त्यानंतर सेट-टॉप बॉक्स आले आणि पत्र्याच्या डब्याला ऐकू येईल असं वायरीत काही राहिलं नाही.

दादाच्या मुलाने अलीकडे ती फाइल पाहिली. हल्लीची सॉफ्टवेअर जुनी चित्रं झळझळीत करून देतात. तो म्हणाला, “आत्या, गुलालाचे चौकोन काढून टाकतो, गर्दीतले चेहरेही स्पष्ट होतील.” इथे मी हट्टाला पेटले. त्या गर्दीतले चेहरे मुळात दहा-बारा ठिपक्यांचे. ते स्पष्ट होणार म्हणजे सॉफ्टवेअर आपल्या मनाने डोळे काढणार, मिशा काढणार, आणि त्या दिवशी लक्ष्मी रोडवर नसलेली माणसं तिथे उभी करणार. हे मला चालणार नाही. चित्र थांबवल्यावर हलत्या वस्तूंच्या कडेला दिसणाऱ्या दातेरी रेघाही मला हव्या आहेत. पालचं प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येतं: आधी एकाआड एक ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या. थांबलेल्या चित्रात दादाचं टिपरू म्हणूनच दोन जागी दिसतं, आणि त्या दोन्ही जागी ते खरोखर होतं. व्हीसीडी केली असती तर २८८ ओळींत त्यातलं एकच राहिलं असतं.

भाच्याला फाइलची प्रत दिली आहे. तिच्यावर त्याने हवं ते करावं, वेगळ्या नावाने ठेवावं. मूळ फाइल दोन डिस्कवर आहे, आणि तिला हात लावायचा नाही हे त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. आता शेजारच्या काकूंकडे त्या वर्षांच्या व्हीसीडी निघाल्या आहेत, माळ्यावरच्या डब्यात. काहींचा थर सुटू लागलाय. या रविवारी आम्ही दोघं त्या वाचायला बसणार आहोत.