शांततेच्या दिवसांतल्या बैठका

भिवंडीने १९७० आणि १९८४ अशा दोन भीषण दंगली पाहिल्या. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा सगळ्यांना धास्ती होती ती याच यंत्रमागांच्या गावाची. भिवंडी मात्र शांत राहिली.

तिथे १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. दोन्ही धर्मांची साधी माणसं आणि स्थानिक पोलीस त्यांत नेमाने भेटत, किरकोळ भांडणं तिथेच मिटवत. त्यामुळे अफवा उठली, की ती खरी की खोटी हे कुणाला विचारायचं ते ठाऊक असे. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी पुढे अनेक शहरं अभ्यासून हेच मांडलं : खेड्यात रोजचा शेजार पुरतो, शहरात मात्र दोन्ही समाजांचे लोक एकत्र असलेल्या संस्था लागतात.

मीरा-भाईंदरही भिवंडीच्याच ठाणे जिल्ह्यातलं. उत्तनचे कोळी, जुने आगरी आणि ख्रिस्ती रहिवासी, गुजराती-राजस्थानी व्यापारी, उत्तर भारतीय कामगार, दंगलीनंतर मुंबई सोडून नयानगरात आलेली मुस्लिम कुटुंबं... एवढी सरमिसळ फार थोड्या उपनगरांत असेल. मंडळं तर गल्लोगल्ली. पण त्यांतली बरीचशी आपापल्या जातीची, भाषेची, देवाची. अडीअडचणीला ती धावून येतात, शिष्यवृत्त्या देतात. हे काम मोलाचंच आहे. तणावाच्या रात्री मात्र पलीकडच्या मंडळात फोन करावा असं ओळखीचं माणूस लागतं, आणि तेच नसतं.

जानेवारी २०२४ मध्ये अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेच्या आदल्या रात्री नयानगरात हाणामारी झाली, पुढे दुकानं फुटली. जुलै २०२५ मध्ये मराठीच्या प्रश्नावर आधी व्यापाऱ्यांचा आणि मग मराठीजनांचा मोर्चा निघाला. मराठीचा आग्रह रास्तच होता. पण दोन्ही बाजू समोरासमोर बसतील अशी जागा शहरात नव्हती. एरवी अशा वेळी नगरसेवक तरी मध्ये पडतो. पण ऑगस्ट २०२२ मध्येच महापालिकेची मुदत संपली होती आणि कारभार प्रशासकाकडे होता. म्हणजे दोन्ही प्रसंगी शहरात एकही विद्यमान नगरसेवक नव्हता.

अशी जागा नव्याने शोधायलाही नको. गृहनिर्माण सोसायट्यांच्या कार्यकारिणी आहेत, लोकलच्या डब्यांतले प्रवासी गट आहेत. पाणी आणि गर्दी यांची तक्रार सर्वांची एकच असते. नयानगर आणि शेजारच्या शांतीनगरच्या सोसायट्यांनी पाण्याच्या प्रश्नावर महिन्यातून एकदा एकत्र बसायला काय हरकत आहे? भिवंडीतल्या बैठकांचे विषय तरी याहून मोठे कुठे होते?