मुलांचे नखरे आणि लखनौचे ताट

लखनौ पाहून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न इमामबाड्याचा नसतो, खाण्याचा असतो. ‘कबाब खाल्लेत का? बास्केट चाट? आणि कुल्फी?’ पण बरोबर पाच-सात वर्षांचे मूल असेल तर उत्तर बहुधा वेगळेच मिळते. ‘कसले कबाब आणि कसले काय! आमच्या चिरंजीवांनी तीन दिवस बिस्किटे आणि वेफर्सवर काढले. आम्ही त्याच्या मागे घास घेऊन फिरत होतो.’

युनेस्कोने २०२५ साली ज्या शहराला पाककलेचे सर्जनशील शहर म्हणून गौरवले, तिथून एखादे कुटुंब उपाशी आणि वैतागून परतावे, ही गंमत नव्हे. त्यातही सर्वात जास्त उपाशी राहते ती आई. मुलाने टाकलेले ती संपवते आणि स्वतःसाठी काही मागवायचे तिच्या लक्षातच राहत नाही. आजी-आजोबा शाकाहारी, वडिलांना कबाब हवेत, धाकट्याला फक्त वरणभात हवा, तर थोरलीला ‘तिखट नको’! अशा चौघा-पाचजणांना घेऊन दिवसभर बाहेर पडायचे तर कुठे जायचे याइतकाच कुठे खायचे याचाही आधी विचार करायला हवा.

मुक्काम मानक नगरला

लखनौत महाराष्ट्रातून जाणाऱ्या अनेक पाहुण्यांचा मुक्काम नोकरीनिमित्त तिथे राहणाऱ्या नातेवाइकांकडे असतो. मानक नगर ही अशीच एक वसाहत. रेल्वेची अभिकल्प आणि मानक संघटना, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली आरडीएसओ, इथेच आहे. १९५७ साली ती स्थापन झाली. रूळ, डबे, इंजिने, सिग्नल यांचे आराखडे आणि मापदंड इथे ठरतात. ‘मानक’ म्हणजे प्रमाण, मापदंड. नगराचे नावही त्यावरूनच. देशाच्या कानाकोपऱ्यातून बदली होऊन आलेली कुटुंबे शेजारी शेजारी राहत असल्याने एकाच जिन्यात सांबार, माछेर झोल आणि आमटी यांचे वास एकत्र येतात.

मुंबईहून येणारी पुष्पक एक्सप्रेस कानपूरकडून लखनौत शिरताना याच मानक नगर स्थानकावरून पुढे जाते. चारबागच्या अलीकडचे हे शेवटचे स्थानक. शहरात जायला आलमबागच्या बाजूने मेट्रो मिळते. ती २०१७ साली सुरू झाली आणि २०१९ मध्ये विमानतळापासून मुन्शी पुलियापर्यंतचा पूर्ण मार्ग खुला झाला. गाडी न बदलता हजरतगंजला उतरता येते, हे लहान मुले आणि वयस्कर माणसे बरोबर असताना फार सोयीचे.

रुळांचे मापदंड ठरवता येतात, मुलांच्या जिभेचे नाहीत. म्हणून दिवसाची सुरुवात घरच्या ताटानेच करावी. यजमान वहिनींना संकोच न करता सांगावे, की सकाळी मुलांसाठी तहरी करू या. तहरी म्हणजे बटाटा, मटार घातलेला हळदीचा पिवळा भात. उत्तर प्रदेशात तो घरोघरी होतो. दिसायला आणि चवीला तो आपल्या मसालेभाताचा सौम्य भाऊ शोभतो. वर तूप आणि बाजूला दही दिले की भातखाऊ मुले तो सहसा नाकारत नाहीत. पोट भरलेले मूल दुपारी दोनपर्यंत शांत राहते आणि मोठ्यांना विचार करायला वेळ मिळतो.

प्राणिसंग्रहालयाचा दिवस

मुलांसाठी लखनौतले पहिले ठिकाण म्हणजे नवाब वाजिद अली शाह प्राणिउद्यान. प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीची आठवण म्हणून १९२१ साली ते बनारसी बागेत उभारले गेले. तिथली छोटी रेल्वे १९६९ साली सुरू झाली. रेल्वे वसाहतीतून आलेल्या बालपाहुण्यांना तिचे आकर्षण असणारच. सोमवारी उद्यान बंद असते. ते कुकरैलच्या जंगलाजवळ हलवण्याची योजनाही जाहीर झालेली आहे, त्यामुळे निघण्यापूर्वी एकदा चौकशी करावी.

अशा ठिकाणी बहुतेक कुटुंबांची एकच चूक होते. भूक लागली की खाण्याची जागा शोधायला निघायचे. तोवर मूल थकलेले, उन्हाने कावलेले आणि चिडलेले असते. त्या अवस्थेत त्याच्यासमोर नवा पदार्थ ठेवला तर नकार ठरलेलाच. म्हणून घड्याळ पाहून, भूक लागण्याआधी अर्धा तास उठावे. दुपारी बाराच्या सुमारास उद्यानातून बाहेर पडले तर हजरतगंज जवळच आहे आणि हॉटेलांतली गर्दीही अजून वाढलेली नसते.

मनोरंजन उद्याने आणि वॉटर पार्क यांचा हिशेब वेगळा. फैजाबाद रस्त्यावरचे आनंदी वॉटर पार्क मानक नगरपासून शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. अशा उद्यानांत बाहेरचे खाणे आत नेऊ देण्याची पद्धत बहुधा नसते. खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ साली सुरू झाले तेव्हापासून महाराष्ट्रातल्या पालकांनाही याचा अनुभव आहे. तिथे दहा प्रकारच्या पाट्या पाहून मूल गोंधळते आणि पालक खिशाकडे पाहतात. त्यावर उपाय दोन. तिकीट काढण्यापूर्वीच आत काय मिळते आणि तान्ह्या किंवा पथ्याच्या मुलांसाठी डबा चालतो का, ते विचारावे. आणि पोहोचल्याबरोबर, पाळण्यांकडे धावण्याआधी, खाण्याच्या जागांवरून एक चक्कर मारून मुलाला चालेल असा एक पदार्थ हेरून ठेवावा.

नाही म्हणण्यामागचे कारण

मूल हट्टी आहे म्हणून खात नाही, असा आपला समज असतो. खरे तर दोन ते सहा या वयात अनोळखी पदार्थाची भीती वाटणे हा वाढीचाच एक भाग मानला जातो. नवी चव स्वीकारायला मुलाला तो पदार्थ आठ-दहा, कधी पंधरा वेळाही समोर यावा लागतो, असे आहाराच्या अभ्यासकांना दिसले आहे. जबरदस्ती केली की ही ओळख लांबते. अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी यावर एक सोपी वाटणी सुचवली आहे. काय, कधी आणि कुठे खायचे हे आईवडिलांनी ठरवावे. किती खायचे आणि खायचे की नाही, हे मुलाने.

प्रवासात ही वाटणी फार उपयोगी पडते. हॉटेल निवडताना ‘तुला काय खायचे?’ असा मोकळा प्रश्न विचारू नये. ‘पुरी की पराठा?’ असे विचारावे. म्हणजे निवड मुलाची आणि मर्यादा आपली. आणि प्रत्येक टेबलावर त्याच्या ओळखीचा एक पदार्थ असलाच पाहिजे. तो असला की नव्या पदार्थाकडे ते न घाबरता पाहते.

हजरतगंजात काय मागवावे?

रॉयल कॅफेचे बास्केट चाट लखनौची ओळख बनले आहे. किसलेला बटाटा तळून त्याची टोपली करतात आणि तीत टिकिया, दहीभल्ले, मटार, चटण्या, डाळिंबाचे दाणे भरतात. चोखंदळ मुलासाठी यातली युक्ती अशी की चटण्या वेगळ्या मागाव्यात. टोपली म्हणजे शेवटी कुरकुरीत बटाटाच. मूल टोपली मोडून खाते, आजी दहीभल्ले खातात आणि एका बशीत तिघांचे भागते.

लालबागेतल्या शर्माजींच्या चहाकडे कुल्हडातला चहा, बनमख्खन आणि गोल समोसे मिळतात. मुंबईच्या इराण्याकडचा बनमस्का ज्याने खाल्ला आहे त्या मुलाला इथे काहीच परके वाटणार नाही. वाजपेयी कचौरी भंडारपुढे सकाळपासून रांग असते. कचोरी खुसखुशीत, पण बरोबरची भाजी झणझणीत. मुलांसाठी नुसती कचोरी आणि दही घ्यावे.

पाणीपुरी मागताना ती ‘पानी के बताशे’ या नावाने मागावी लागते. हजरतगंजात वेगवेगळ्या पाच चवींच्या पाण्यांचे बताशेही मिळतात. मोठ्यांना ती मौज आहे. लहानांना मात्र पाण्याऐवजी दही घातलेले द्यावेत. प्रवासात पोट बिघडते ते बहुतेक पाण्यामुळेच. याच कारणाने उघड्यावर कापून ठेवलेली फळे आणि रस्त्यावरचा बर्फ टाळावा, स्वतःची पाण्याची बाटली जवळ ठेवावी आणि समोर गरमागरम तळलेले किंवा भाजलेलेच घ्यावे. ‘मिर्च बिल्कुल मत डालिए’ हे वाक्य मुलांनाच पाठ करायला लावावे. आपण स्वतः सांगितलेला पदार्थ मूल अधिक आनंदाने खाते.

चौक आणि अमीनाबाद

आता मोठ्यांच्या हौसेचे काय? टुंडे कबाबीचे दुकान १९०५ पासून चौकात आहे. ते सुरू करणाऱ्या हाजी मुराद अलींना एकच हात होता, म्हणून ‘टुंडे’ हे नाव पडले. त्यांची अमीनाबादची शाखा कुटुंबांना अधिक सोयीची. गलावटीचा कबाब इतका मऊ असतो की चावावा लागत नाही. पण मसाला भरपूर, त्यामुळे मुलांना तो एकदम देऊ नये. मांस कोणते आहे हे मागवण्यापूर्वी विचारून घ्यावे. त्यात संकोच कसला!

मुलांसाठी इथे एक सुखद आश्चर्य आहे ते म्हणजे शीरमाल. मैद्यात दूध-तूप घालून मळलेली, केशराचा रंग ल्यालेली ही तंदुरी रोटी किंचित गोड असते. पोळी-साखर खाणारे मूल ती कोरडीच खाते. शाकाहारी मंडळींना चौकातल्या राम आसरे यांची मलई गिलौरी आहे. सायीच्या घडीत खडीसाखर आणि सुका मेवा भरून केलेला हा विडाच म्हणा ना! हे दुकान १८०५ सालचे. हिवाळ्यात सकाळी लवकर चौकात गेलात तर मलई मख्खन मिळेल. दुधाचा हा फेस जिभेवर ठेवताच विरघळतो. अमीनाबादेत प्रकाशची कुल्फी १९५६ पासून प्रसिद्ध आहे. तिला नाही म्हणणारे मूल विरळाच.

मात्र अमीनाबाद आणि चौक हे गर्दीचे भाग. कबाबाच्या दुकानात शाकाहारी आजीला आणि रडणाऱ्या मुलाला बसवून ठेवण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा दोन तुकड्या कराव्यात. एक मोठा माणूस मुलांबरोबर कुल्फीकडे, बाकीचे कबाबाकडे आणि मग अदलाबदल. ही अदलाबदल खरोखर व्हायला हवी. पहिली पाळी वडिलांची असेल तर दुसरी आईची. ‘मला काय, काहीही चालेल’ हे तिचे नेहमीचे वाक्य त्या दिवशी कोणी ऐकून घेऊ नये.

घरी परतल्यावर

आणखी एक गोष्ट. दिवसभराच्या फिरण्यानंतर संध्याकाळी मानक नगरला परतल्यावर यजमानांसमोर ‘आमचा काहीच खात नाही हो’ असा पाढा वाचू नये. मूल ते ऐकत असते आणि न खाणारा ही आपली ओळख ते पक्की करून घेते. त्यापेक्षा त्याने आज काय चाखले ते सांगावे. टोपलीचा एक तुकडा, शीरमालचे दोन घास, जिभेच्या टोकाला लागलेली मलई. एवढेही पुष्कळ आहे.

रात्री साधा वरणभात किंवा खिचडी असली की दिवसभराची कसर भरून निघते. एखाद्या दिवशी कमी जेवल्याने निरोगी मुलाचे काही बिघडत नाही. पण तापात असलेले, वजन घटत असलेले किंवा पाणीही न पिणारे मूल असेल तर सहल बाजूला ठेवून डॉक्टरांकडेच जावे.

परतीच्या डब्यासाठी लखनौची रेवडी आणि जून-जुलैचे दिवस असतील तर मलिहाबादचे दशहरी आंबे घ्यावेत. हापूसवर वाढलेली मुले सुरुवातीला नाक मुरडतील. गाडी झाशीला पोहोचेपर्यंत एक फोड नुसती समोर ठेवून पाहावी. खा म्हणून सांगू नये.