न्यूपोर्टची मशीद



उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही घरची सगळी मंडळी ऱ्होड आयलंडमधलं न्यूपोर्ट पाहून आलो. १६३९ साली वसलेलं हे बंदर पाहताच अलिबाग-रेवदंडा आठवलं. तोच खारा वारा, त्याच मासळीच्या होड्या!

समुद्राकाठी साडेतीन मैलांची 'क्लिफ वॉक' ही पायवाट आहे. वाटेत 'ब्रेकर्स' हा १८९५चा ७० खोल्यांचा वाडा लागतो. पण आमची ओढ टुरो सिनेगॉगकडे. १७६३च्या हनुक्कात त्याचं उद्घाटन झालं. अमेरिकेत आज उभं असलेलं हे सर्वांत जुनं सिनेगॉग. आपली मुंबईची शार हारहमीम मशीद १७९६ची. मुलांनो, आतले खांब मोजा बरं! बारा वंशांचे बारा आहेत.

१७९० मध्ये राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी इथल्या यहुदींना लिहून कळवलं, की हे सरकार धर्मद्वेषाला थारा देणार नाही.

पण त्याआधीच स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांनी शहर घेतलं होतं. व्यापार बसला, कुटुंबं पांगली, पुढे मशिदीला कुलूप लागलं. टुरो बंधूंनी मात्र मृत्युपत्रात देखभालीसाठी पैसे ठेवले. १८८३ मध्ये पुन्हा नियमित तफिल्ला सुरू झाली.

बाकावर बसल्या बसल्या आमच्या आईंचे डोळे भरले. कोकणातल्या त्यांच्या गावच्या मशिदीत आता मिन्यान जमत नाही. म्हणाल्या, "माणसं गेली तरी दार जपावं. उघडणारा कधीतरी येतोच."

भारतात जाल तेव्हा आपल्या गावच्या मशिदीत दिवा लावून या.