फक्त फोटो काढणारा

निकॉनने १ जुलै २००८ रोजी डी७०० हा कॅमेरा जाहीर केला. सेन्सर ३५ मिलिमीटर फिल्मच्या फ्रेमएवढा, मेगापिक्सेल १२.१, आणि सगळा मेनू पालथा घातला तरी व्हिडिओचा पर्याय कुठेही नाही. २७ ऑगस्टला त्याच कंपनीचा डी९० आला. व्हिडिओ काढणारा जगातला पहिला डिजिटल एसएलआर तो. १७ सप्टेंबरला कॅननने फाइव्ह डी मार्क टू जाहीर केला आणि फुल एचडी चित्रीकरण फोटोच्या कॅमेऱ्यात येऊन बसलं. हे सगळं अडीच महिन्यांत झालं. मी त्याच वर्षी डी७०० घेतला. आपण एका घराण्याच्या शेवटच्या पिढीतला कॅमेरा गळ्यात अडकवतोय, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

लग्नसराई संपली की पावसाळ्यात आम्हा लग्नाच्या फोटोग्राफरांना काम नसायचं. अल्बमच्या प्रिंटची वाट बघत लॅबबाहेरच्या टपरीवर आम्ही सहा-सात फोटोग्राफर बसायचो आणि विषय एकच, पुढचा कॅमेरा. कुणाला पन्नास मेगापिक्सेल हवे होते. कुणाला हॉलमधल्या ट्यूबलाइटवर फ्लॅशशिवाय स्वच्छ फोटो हवा होता. मान आणि पाठ दुखणाऱ्यांना अर्ध्या वजनाचा कॅमेरा हवा होता. व्हिडिओची गोष्ट निघाली की मात्र दोन तट पडायचे. ज्यांच्या स्टुडिओत मी हे काम शिकलो ते काका म्हणायचे, "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. फोटोवाला वेगळा, शूटिंगवाला वेगळा." आमच्यातला एक शूटिंगवाला मात्र शांतपणे सांगायचा, "काका, उद्या सगळंच रेकॉर्ड होणार आणि तुम्ही त्यातनं हवा तो फोटो उचलणार."

त्याचं बोलणं खरं व्हायला वर्षही लागलं नाही. जून २००९ च्या एस्क्वायर मासिकाच्या मुखपृष्ठावर मेगन फॉक्सचा जो फोटो छापला गेला, तो ग्रेग विल्यम्सने रेड वन या चित्रपटाच्या कॅमेऱ्यावर केलेल्या चित्रीकरणातून उचललेली एक फ्रेम होती. टपरीवरचे इतर अंदाजही एकेक करून खरे ठरले. मेगापिक्सेल वाढले, अंधारातले फोटो स्वच्छ झाले, वजन घटलं. आज सोनीचा ए नाइन थ्री सेकंदाला १२० फोटो काढतो, तेही दृश्य अखंड नजरेसमोर ठेवून. इतके अंदाज बांधले आम्ही, पण या सगळ्यात आपल्या बोटाचं काय होणार, याचा अंदाज आमच्यातल्या एकालाही आला नाही.

बोटाचं म्हणजे काय, ते सांगायचं तर आरशापासून सुरुवात करावी लागेल. एसएलआर कॅमेऱ्यात भिंगातून आलेला उजेड आरशावर पडतो, तिथून वरच्या प्रिझममध्ये जातो आणि व्ह्यूफाइंडरमधून आपल्या डोळ्यात येतो. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो. भिंगातली पाती ठरलेल्या मापाला मिटतात. सेन्सरसमोरचा पहिला पडदा सरकतो, त्याच्या मागोमाग दुसरा, आणि आरसा पुन्हा खाली. खट्-टक्. आरसा वर असतो तेवढा वेळ व्ह्यूफाइंडरमध्ये काळोख असतो. म्हणजे जो क्षण फोटोत उतरतो, नेमका तोच फोटो काढणाऱ्याला दिसत नाही. १९५४ साली जपानच्या असाहीफ्लेक्सने आरसा लगेच खाली आणण्याची सोय केली आणि काळोख पापणी मिटण्याएवढा झाला, पण तो राहिलाच.

काकांची सगळी शिकवण या काळोखावर उभी होती. "दिसलं तर हुकलं, आणि अंधार झाला तर मिळालं," असं ते सांगायचे. शेवटचं मंगलाष्टक संपत आलेलं असतं, भटजींचा हात अंतरपाटाकडे जातो, अक्षता धरलेल्या मुठी वर उठतात. अंतरपाट बाजूला झाला की नवरीची मान वर होते. तिची ती पहिली नजर मला व्ह्यूफाइंडरमध्ये स्पष्ट दिसली, तर तो फोटो गेला म्हणून समजायचं. त्यामुळे बोट आधी हलावं लागे, नजर वर येण्याच्या अगोदर. किती अगोदर, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. ते नवरीच्या खांद्यावरून, मागे उभ्या असलेल्या मामाच्या श्वासावरून, भटजींच्या सुरावरून कळायचं. दहा वर्षं लग्नं केल्यावर थोडंफार कळायला लागायचं.

डी७०० वर मी काढलेला असाच एक फोटो आजही माझ्या दुकानात लावलेला आहे. त्यात मुंडावळ्यांच्या मोत्यांपासून बोटभर अंतरावर तांदळाचा एक दाणा हवेत थांबला आहे. नवरीच्या ओठांवर हसू यायला नुकतंच लागलं आहे. मागच्या मामांचे डोळे गच्च मिटलेले. यातलं काहीही मी मांडवात पाहिलेलं नाही. मी पाहिला तो काळोख. रात्री कार्ड उतरवताना तो क्षण मला पहिल्यांदा दिसला, आणि आपण तिथे असूनही आपल्याला कुणीतरी काहीतरी हातात दिलं आहे, असं वाटून मी बराच वेळ पडद्यासमोर बसून राहिलो.

तो कॅमेरा सेकंदाला पाच फोटो काढायचा. शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागावर असेल तर पाच फोटो मिळून सेकंदाचा फक्त पन्नासावा भाग होतो. उरलेले एकोणपन्नास भाग निसटणारच, आणि हे मान्य करूनच आम्ही मांडवात उभे राहायचो. आज पंचवीस फ्रेमच्या वेगाने तासभर चित्रीकरण केलं की ९०,००० फ्रेम जमतात. काही निसटत नाही, आणि निवड नंतर खुर्चीत बसून होते. निवड करणंही कौशल्याचं काम आहे, ते मी नाकारत नाही. पण ते संपादकाचं कौशल्य आहे. क्षण येण्याआधी त्याच्यासाठी तयार होणं, ही फोटोग्राफरची विद्या होती. फक्त फोटो काढणारा कॅमेरा ती विद्या सक्तीने शिकवायचा, कारण त्याच्याकडे दुसरा मार्गच नव्हता.

व्हिडिओने जे दिलं त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. अमोल गुप्ते यांचा 'स्टॅनली का डब्बा' २०११ मध्ये आला तो कॅननच्या सेव्हन डी या फोटोच्या कॅमेऱ्यावर चित्रित झालेला होता. वर्गातल्या मुलांच्या इतक्या जवळ अवजड कॅमेरा कधी गेला नसता. तालुक्याच्या गावातली पोरं लघुपट करायला लागली ती याच कॅमेऱ्यांवर. शूटिंगचे हॅलोजन आणि त्यांच्या वायरी मांडवातून गेल्या, नवरा-नवरीच्या कपाळावरचा घाम गेला, हेही चांगलंच झालं.

तरी गेलेल्याला गेलेला म्हणायला हवं. निकॉनने २०१३ मध्ये डीएफ हा कॅमेरा मुद्दाम व्हिडिओशिवाय काढला. लायकाने २०१७ मध्ये एम१० मधून व्हिडिओ काढून टाकला आणि त्या घराण्यात ती रीत पुढेही पाळली. बाकी जवळपास सगळीकडे फक्त फोटो काढणारा कॅमेरा संपला. कॅननचा वन डी एक्स मार्क थ्री आणि निकॉनचा डी६ हे दोन्ही २०२० च्या सुरुवातीला आले, आणि व्यावसायिक कॅमेऱ्यातला आरसा त्यांच्यासोबत थांबला. पुढच्या वर्षीच्या निकॉन झेड नाइनमध्ये तर शटरचा पडदाही नव्हता. अशा कॅमेऱ्यात खट्-टक् हा आवाज हवा असेल तर तो स्पीकरमधून ऐकवला जातो.

काका गेले त्याला काही वर्षं झाली. टपरीच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. माझा डी७०० कपाटात आहे आणि चालू आहे. तुमच्या घरी असा एखादा कॅमेरा पडून असेल, तर तो जुन्या बाजारात देऊ नका. बॅटरी बाहेर काढून ठेवा. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात तो ठेवा, नाहीतर आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते. आणि पुढचं लग्न घरातलं असेल तेव्हा बॅटरी चार्ज करून तो मांडवात न्या. अंतरपाट हलायच्या आधी बटण दाबा.