अध्यापकाची आवड आणि वर्गाचे मत

इंग्रजी संभाषण शिकवणाऱ्याला क्रियापदांची रूपे, उपपदे किंवा उच्चार यांचा जेवढा जाच होत नाही तेवढा एका साध्या प्रश्नाचा होतो, आणि तो प्रश्न म्हणजे ‘तुम्हाला काय आवडते, आणि का?’ नागपुरात सीताबर्डी, धरमपेठ, नंदनवन अशा कोणत्याही वस्तीतल्या वर्गात हा प्रश्न टाकला की ‘माय हॉबीज आर रीडिंग बुक्स अँड लिसनिंग टू म्यूझिक’ हे उत्तर येते. ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते आणि देणाऱ्याशी त्याचा काडीचाही संबंध नसतो. मुलाखतीच्या मार्गदर्शकातून, मोठ्या भावाकडून किंवा आधीच्या क्लासमधून ते चालत आलेले असते. कोणते पुस्तक, असे पुढे विचारले की वर्ग खाली पाहू लागतो. मग वाक्याला नमुना मिळावा म्हणून अध्यापक स्वतःचे मत पुढे करतो, आणि खरी अडचण तिथून सुरू होते, कारण अध्यापकाने मत सांगितले की थोड्याच वेळात ते सगळ्या वर्गाचे मत होऊन बसते, आणि नाही सांगितले तर वर्ग गप्पच राहतो. या पेचातून सुटलेला अध्यापक प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. सुटल्याचा दावा करणारे बहुतेक जण तासभर स्वतःच बोलत असतात.

विद्यार्थ्याला मतच नसते, असे मात्र म्हणता येत नाही. वर्गातून उतरून तो कोपऱ्यावरच्या तर्री-पोह्यांच्या ठेल्याशी उभा राहिला की तर्री, म्हणजे पोह्यांवर ओतायचा चण्यांचा तिखट रस्सा, किती असावी, कोणाकडची पातळ झाली आहे आणि वर शेव घातल्याने पोह्यांची चव कशी मरते, यावर तो अर्धा तास युक्तिवाद करतो, समोरच्याचे खोडून काढतो आणि अधूनमधून मत बदलतोही. हे सारे मराठी आणि हिंदीच्या त्या मिश्रणात चालते, जे मध्य प्रांताची आणि पुढे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी राहिलेल्या या शहराच्या अंगवळणी पडलेले आहे. इंग्रजीत शिरताच तोच मनुष्य उत्तरपत्रिका लिहू लागतो, कारण या भाषेतल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आधीच कुठेतरी छापलेले आहे आणि आपण ते फक्त आठवायचे आहे, अशी त्याची समजूत शाळेने करून दिलेली असते. तर्खडकर भाषांतर पाठमालेपासून रेन अँड मार्टिनच्या व्याकरणापर्यंत ज्या पुस्तकांवर येथील पिढ्या वाढल्या, त्यांतली वाक्ये कोणाचीच नव्हती आणि म्हणून ती सर्वांना चालत. त्या पुस्तकांनी भाषेचा सांगाडा भक्कम दिला, मत देणे हे त्यांचे काम नव्हते. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले. त्यानंतरच्या मुलांचे शब्द वाढले, चाचरणे कमी झाले. पुस्तके वाचण्याची आणि संगीत ऐकण्याची ती ठरीव आवड तेवढी जागच्या जागी राहिली.

जपानमध्ये या पेचावरच एक व्यवस्था उभी आहे. तेथील सरकारने १९८७ मध्ये सुरू केलेल्या ‘जेट’ या योजनेखाली परदेशी पदवीधर शाळांमध्ये सहायक भाषा-अध्यापक म्हणून नेमले जातात; त्यांचा करार एका वर्षाचा असतो, तो फार तर पाच वर्षांपर्यंत वाढतो, आणि ते जपानी शिक्षकाच्या जोडीने वर्ग घेतात. अशा अध्यापकाचा पहिला तास ‘जिकोशोकाई’चा, म्हणजे स्वतःची ओळख करून देण्याचा असतो. घराची, भावंडांची, गावच्या जेवणाची चित्रे फळ्यावर लावली जातात आणि मुले विचारतात की वाढदिवस कधी, आवडता प्राणी कोणता, नात्तो खाता येतो का. नात्तो म्हणजे आंबवलेले, तार सुटणारे, उग्र वासाचे सोयाबीन, ज्यावरून परक्या माणसाची तेथे हमखास परीक्षा होते. शाळांखेरीज ‘एइकाइवा’ नावाच्या खाजगी संभाषणशाळा बहुधा रेल्वे स्थानकांजवळ थाटलेल्या असतात, आणि तिथे तर पैसे मोजून येणारा प्रौढ विद्यार्थी अध्यापकाच्या गप्पाच विकत घेत असतो. हा धंदा किती ठिसूळ आहे ते ‘नोव्हा’ ही त्यांतली सर्वांत मोठी साखळी २००७ च्या ऑक्टोबरमध्ये कोसळून हजारो परदेशी अध्यापकांचे पगार बुडाले, तेव्हा दिसले. शाळांमधल्या परदेशी अध्यापकांपैकी कोणाला त्या देशात डोंगर चढण्याचा नाद लागतो, कोणी ज्यूदो शिकतो, कचऱ्याच्या वर्गीकरणावर आणि केरोसीनच्या शेगडीवर काढाव्या लागणाऱ्या हिवाळ्यावर तर प्रत्येकाचे मत असते, आणि हे सगळे उद्याच्या तासाचे साहित्य होते. तरीही यांतले कितीतरी जण स्वतःला ‘मानवी टेपरेकॉर्डर’ म्हणवतात, कारण पाठ्यपुस्तकातला उतारा मोठ्याने वाचायचा आणि वर्गाने तो पाठोपाठ म्हणायचा, एवढेच काम पुष्कळदा वाट्याला येते.

या व्यवसायातली जी माणसे स्मरणात राहिली, ती अध्यापनापेक्षा त्यांच्या नादामुळे राहिली, ही गोष्ट व्यवसायबंधूंना फारशी रुचणारी नाही. लाफ्काडिओ हर्न १८९० मध्ये मात्सुए येथे इंग्रजी शिकवायला लागला. जपानी त्याला जेमतेम वाचता येत असे, परंतु पत्नीकडून ऐकलेल्या भुताखेतांच्या कथा त्याने इंग्रजीत आणल्या आणि ‘क्वाइदान’ हा संग्रह १९०४ मध्ये निघाला. टोकियोच्या विद्यापीठातली त्याची जागा १९०३ मध्ये सुटली, तेव्हा ती नात्सुमे सोसेकी या जपानी अध्यापकाकडे आली. सोसेकीने पुढे लिहिलेल्या मांजराच्या कादंबरीत मांजराचा मालक इंग्रजीचाच शिक्षक आहे. तो हायकू रचून पाहतो, व्हायोलिन वाजवून पाहतो, चुकांनी भरलेले इंग्रजी लिहितो आणि नो नाटकातली पदे शौचकूपात बसून आळवतो. स्वतःच्या व्यवसायाची इतकी निर्दय थट्टा मराठीतल्या एकाही इंग्रजीच्या प्राध्यापकाने केलेली नाही, आणि करायला हवी होती. रेजिनल्ड ब्लाइथ हा इंग्रज अध्यापक युद्धकाळात नजरकैदेत राहिला, नंतर राजपुत्र अकिहितोला इंग्रजी शिकवू लागला, पण त्याचे नाव टिकले ते १९४९ ते १९५२ या काळात निघालेल्या हायकूवरील चार खंडांमुळे. शिरीष पै यांच्यामुळे हायकू परिचित झालेल्या मराठी वाचकाला ब्लाइथ इंग्रजीचे तास घेत असे हे ठाऊक असण्याचे कारण नाही.

नागपुरातही असे उदाहरण आहे, आणि ते अधिक जवळचे आहे. कुसुमावती देशपांडे यांनी लंडनहून इंग्रजी वाङ्मयाची पदवी घेऊन येथे इंग्रजी शिकवले. त्यांची आवड मात्र मराठी कथा, मराठी कादंबरी आणि समीक्षा यांत होती, आणि १९६१ मध्ये ग्वाल्हेरला मराठी साहित्य संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्षा म्हणून त्या बसल्या. वर्गातले मत त्यांना दुसरीकडे नेऊन पूर्ण करता आले. ज्याला तशी दुसरी जागा नसते, तो वर्गालाच ती जागा करतो, आणि प्रस्तुत लेखकाची गणना या दुसऱ्या जातीत करावी लागेल. वाक्य शिकवताना एखादे चमचमीत मत त्यात बसवायचे, वर्ग हसला की ते पुढच्या तुकडीत पुन्हा वापरायचे, आणि कधीकाळच्या विद्यार्थ्याने रस्त्यात भेटून तेच वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवले की दिवसभर फुगून राहायचे, हा शौक वयाबरोबर कमी झाला नाही.

या शौकाला धक्का बसला तो एका विद्यार्थिनीमुळे. येथे शिकून ती जपानमधल्या एका शाळेत सहायक अध्यापिका म्हणून गेली आणि पहिल्या तासासाठी केलेले स्वतःच्या ओळखीचे पान तिने कौतुकाने पाठवले. त्या पानावर अंबाझरीचा तलाव होता, दीक्षाभूमीचा स्तूप होता, कामठीचे ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर होते, आणि नावडीच्या रकान्यात लिहिले होते की नागपूरची संत्रा बर्फी तिला आवडत नाही, कारण तीत संत्र्याचे रंगाखेरीज काहीही नसते. हे वाक्य ‘नथिंग बट’ ही रचना शिकवण्यासाठी प्रस्तुत लेखकाने घडवलेले होते. विद्यार्थिनी स्वतः ती बर्फी किती आवडीने खाई, हे तिच्या तुकडीतल्या सर्वांना माहीत होते. डब्यातला शेवटचा तुकडा तिचाच, असा अलिखित नियम होता. पहिली भावना, खरे सांगायचे तर, अभिमानाची होती: वाक्य समुद्र ओलांडून गेले आणि त्यातला एकही शब्द हलला नाही. वाक्याबरोबर जीभही गेली, हे ध्यानात यायला दोन दिवस लागले.

त्यानंतर वर्गात पुष्कळ काही करून पाहण्यात आले. मत न सांगता नुसती रचना दिली, तर ‘रीडिंग बुक्स’ परत आले. मुद्दाम खोटे मत सांगितले, म्हणजे संत्रा बर्फीची स्तुती केली, तर वर्गाने तिचीही री ओढली. एकाच तासात परस्परविरोधी दोन मते सांगितली, तर परीक्षेला यांतले कोणते लिहायचे, असे एका हुशार मुलाने विचारले. ज्या विषयावर अध्यापकाला खरोखरच मत नाही असा विषय निवडणे हा उपाय त्यातल्या त्यात बरा ठरला, पण असे विषय शोधू लागल्यावर ते फार थोडे निघाले, आणि ही बाब कोणाही अध्यापकाला भूषणावह नाही. एप्रिल-मेमध्ये कूलर पूर्ण वेगाने चालू असला की मागच्या रांगेला अध्यापकाचे नीट ऐकू येत नाही. त्या दिवसांत मागून येणारी उत्तरे अधिक वेगळी असतात, असे निरीक्षण आहे, परंतु त्यावर पद्धती उभारता येत नाही.

तीस दिवसांत अस्खलित बोलायला लावणाऱ्या क्लासचालकांना हा पेच पडत नाही, कारण त्यांच्याकडे मतेही छापील मिळतात: भ्रष्टाचार, मोबाइलचे तोटे, स्त्री-शिक्षण, प्रत्येकी बारा ओळी. भ्रमणध्वनीवरची नवी साधने याहून सभ्य आहेत; कोणतेही मत ऐकले की ती त्याला शाबासकी देतात. खुंटलेल्या संभाषणापेक्षा खोटे संभाषण बरे, असे म्हणणारे व्यवसायबंधू आहेत, आणि नोकरीच्या मुलाखतीपुरते ते बरोबरही आहेत. पत्रलेखन अभ्यासक्रमात नावापुरते उरल्यापासून मात्र दुसऱ्या माणसाला न पटणारे मत शांतपणे मांडण्याची जागाच इंग्रजीच्या तासातून गेली, हा प्रस्तुत लेखकाचा आग्रह कायम आहे. तो येथे पुन्हा नोंदवला जात आहे हेही जुन्या खोडीतच बसते.

विद्यार्थिनीला बर्फीविषयी विचारले, तेव्हा ती हसली आणि पुढच्या सत्रात तिने पान बदलले. आता आवडीच्या रकान्यात संत्रा बर्फी आहे, सोबत तिचे छायाचित्रही आहे. तासाअखेर मुलांनी आपापल्या आवडी लिहून दिल्या, तेव्हा बर्फी कधी न पाहिलेल्या जवळजवळ सगळ्या वर्गाला ती आवडत असल्याचे आढळले. शेजारी उभ्या असलेल्या जपानी शिक्षकाने सर्वांना बरोबरची खूण दिली, कारण वाक्यरचनेत चूक नव्हती.