छोले-पनीरसुद्धा कॉन्फिडेन्शियल!

कुठल्याही बऱ्यापैकी मोठ्या ऑफिसातून आलेली मेल उघडून बघा. मजकूर दोन ओळींचा आणि खाली तळटीप दहा ओळींची. ‘ही मेल गोपनीय आहे, चुकून तुम्हाला आली असल्यास ताबडतोब डिलीट करा’ वगैरे वगैरे. माझ्याकडे अशा तळटिपेसकट गणपतीच्या वर्गणीचा हिशेब आलाय, केकचं कॉन्ट्रिब्युशन आलंय आणि एकदा तर चक्क एका आयटी पार्कातल्या कॅन्टीनचा आठवड्याचा मेन्यू. सोमवारी छोले, मंगळवारी पनीर. वर लाल अक्षरांत ‘कंपनी कॉन्फिडेन्शियल’. छोल्यांची बातमी फुटली तर शेअर कोसळणार होता की काय, देव जाणे!

पत्रकारितेत असल्यामुळे फुटलेल्या कागदांवर माझा थोडाफार चरितार्थ चालतो, त्यामुळे या शिक्क्यांकडे मी जरा मजेनेच बघायचे. मग माझ्या मावसबहिणीची नोकरी गेली.

ताई हिंजवडीतल्या एका कंपनीत एचआरला होती. मार्चएंड, पगाराची शीट पूर्ण व्हायची होती आणि घरी पोरगा तापाने फणफणलेला. संध्याकाळी साडेसहाला पाळणाघरातून दुसरा फोन आला तेव्हा तिने ती एक्सेल फाइल स्वतःच्या जीमेलवर पाठवली. विचार साधा होता. रात्री तो झोपला की घरच्या कॉम्प्युटरवर काम संपवू. काम तिने संपवलंही. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या दारावर तिचं कार्डच चालेना.

तिला कुणी पकडून दिलं नव्हतं, पकडलं ते सॉफ्टवेअरने. पॅन नंबरची रचना ठरलेली असते. पाच अक्षरं, चार आकडे, पुन्हा एक अक्षर. बाहेर जाणाऱ्या मेलमध्ये अशी रांगच्या रांग दिसली की यंत्रणा घंटा वाजवते. ताईच्या शीटमध्ये अशी चारशेच्या वर माणसं होती. प्रत्येकाचं पॅन, बँक खातं, पगार, कापलेला टॅक्स.

कंपन्यांचा या बाबतीतला हिशेब खरं तर सोपा असतो. माहितीचे साधारण चार कप्पे करायचे. ‘पब्लिक’ म्हणजे वेबसाइटवर असतं ते. ‘इंटर्नल’ म्हणजे सुट्ट्यांची यादी, ऑफिसातले फोन नंबर. ‘कॉन्फिडेन्शियल’मध्ये क्लायंटचे करार, कोटेशन्स. आणि सगळ्यात आतला कप्पा ‘रिस्ट्रिक्टेड’. पगार, पासवर्ड, ग्राहकांचे कार्ड नंबर. कप्पा ठरला की बाकीचं त्यावरून ठरतं. कोण उघडणार, कुठे ठेवणार, कशाने पाठवणार, कधी नष्ट करणार. कल्पना सरकारी दप्तरातून आलेली. आपल्याकडे टॉप सिक्रेट, सिक्रेट, कॉन्फिडेन्शियल आणि रिस्ट्रिक्टेड अशी उतरंड जुनीच आहे. ब्रिटिशांनी मात्र २०१४ मध्ये स्वतःच्या पायऱ्या कमी करून तीनवर आणल्या. पायऱ्या जास्त झाल्या की कुठला कागद कुठे ठेवायचा हेच माणसांना कळेनासं होतं. मग जो तो वरचाच शिक्का मारून मोकळा होतो. उगाच ठपका नको!

ताईच्या कंपनीत हेच झालं होतं. सगळंच कॉन्फिडेन्शियल. चौकशीत तिला विचारलं, ‘पॉलिसी वाचली होती?’ जॉइन झाली त्या दिवशी तिने सेहेचाळीस पानांवर सही केली होती, त्याच सकाळी मेडिक्लेमचा फॉर्म आणि कॅन्टीनच्या कुपनांवर केली तशीच. तीन आठवड्यांनी तिच्याकडून राजीनामा घेतला. ‘चोरी थोडीच केली तिने!’ मावशी अजून म्हणते. आणि मला मावशीचं पटतं. पोरगा आजारी असलेल्या बाईला घरी न्यायला ऑफिसचा लॅपटॉप द्यायचा नाही, काम मात्र सकाळी तयार हवं, आणि वर नियमावर बोट ठेवायचं, हे काही बरोबर नाही.

पण ताई स्वतः बोलली ती वेगळीच गोष्ट. तिच्या टीममधली एक मुलगी नंतर तिला भेटायला आली. रागावलेली नव्हती. चहा घेतला आणि शांतपणे म्हणाली, ‘ताई, माझं पॅन आणि माझा पगार तुमच्या जीमेलमध्ये का होता?’ तेच जीमेल ज्या टॅबवर चालू होतं, त्यावर ताईचा पोरगा कार्टून बघायचा. शेजारची मुलंही बघायची. ताईकडे उत्तर नव्हतं. मलाही सुचलेलं नाही.

नियम कडक केले की प्रश्न मिटतो असंही नाही बरं का. पुण्यातलंच २००५ चं प्रकरण आठवून बघा. एका बीपीओतल्या काही मुलांनी अमेरिकेतल्या बँक ग्राहकांशी गोड बोलून त्यांचे पिन काढून घेतले आणि पैसे पुण्यातल्या खात्यांवर वळवले. रक्कम लाखो डॉलर्सची. फ्लोअरवर कागद-पेन न्यायला बंदी होती, झडती व्हायची. पोरांनी नंबर पाठ केले, असं तेव्हा सांगितलं गेलं. डोक्याची झडती कोण घेणार?

आणि उलटं उदाहरण ब्रिटनमधलं. २००७ मध्ये तिथल्या करखात्याने अडीच कोटी लोकांची माहिती दोन सीडींवर घालून दुसऱ्या सरकारी ऑफिसला साध्या अंतर्गत टपालाने पाठवून दिली. नावं, पत्ते, बँक खाती, मुलांच्या जन्मतारखा. सीडींना पासवर्ड होता, एन्क्रिप्शन नव्हतं. त्या पोचल्याच नाहीत. खात्याच्या प्रमुखांना पद सोडावं लागलं. तिथे चोर कुणीच नव्हता. कुणाला तरी काम उरकायचं होतं, बस्स. ताईसारखंच.

आता सीडी गेल्या, पण काम उरकायची घाई आहेच. २०२३ मध्ये सॅमसंगच्या काही इंजिनिअर्सनी अडलेलं काम सुटावं म्हणून कंपनीचा सोर्स कोड चॅटजीपीटीत पेस्ट केला. त्याच मे महिन्यात कंपनीने असल्या टूल्सवर बंदी घातली. तुमच्या शेजारच्या डेस्कवर आज दुपारी काय पेस्ट झालं असेल, कल्पना करा!

माझी तक्रार वेगळी आहे. या सगळ्या पॉलिसी ‘कंपनीची माहिती’ म्हणतात. पगाराच्या शीटमधलं पॅन कंपनीचं कसं? ते त्या मुलीचं. आपल्याकडे ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत दिली गेली. पुरेशी काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत. पण मला त्यातलं दुसरंच कलम आवडलं. माहिती फुटली तर ती ज्याची आहे त्यालाही कळवायचं. ताईच्या वेळी त्या चारशे जणांना कुणीच काही कळवलं नव्हतं. त्या मुलीला कळलं ते लिफ्टमधल्या कुजबुजीतून.

ताईला सहा महिन्यांनी बाणेरला नोकरी लागली. झालेला प्रकार तिने इंटरव्ह्यूतच सांगून टाकला होता. तिथे फाइल सेव्ह करतानाच कप्पा निवडावा लागतो, त्याशिवाय सेव्हच होत नाही. लॅपटॉप घरी नेता येतो, पण पगाराची शीट बाहेर उघडत नाही. त्यामुळे मार्चएंडला ती रात्री साडेनऊपर्यंत ऑफिसात असते, आणि मावशी पोराला वरणभात भरवता भरवता नव्या कंपनीच्या नावाने बोटं मोडते.