हर्णैच्या वाळूवर : लांकूड आणि कांच

दापोलीहून समुद्राकडे उतरणारी आपली मंडळी बहुधा आंजर्ल्याच्या कड्यावरील गणपतीस जातात, किंवा महर्षि कर्वे यांचें मुरुड पाहून परततात. या दोहोंच्या मध्यें हर्णै बंदर आहे. तेथें थांबलेच, तर समोरच्या सुवर्णदुर्गाकडे बोट दाखवून, १७५५ सालीं इंग्रजी आरमारानें तुळाजी आंग्रे यांजकडून तो कसा घेतला हें मुलांस सांगावें, आणि मासळीच्या लिलावाचा गलबला सुरू होतांच नाकास पदर लावून गाडींत बसावें, असा एकंदर शिरस्ता आहे. परंतु ज्यास कारागिरीची हौस आहे, त्यानें चैत्र-वैशाखांत येथील वाळूवर ओढून ठेवलेल्या एखाद्या लांकडी नौकेजवळ घटकाभर अवश्य उभें राहावें.

लांकडी नौका ही एकदां बांधून विसरून जाण्याची वस्तु नव्हे. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासावा, वरून राळ व तेल यांचें लुकण भरावें, सर्वांगास तेल पाजावें, हा जुना संस्कार पुन्हा पुन्हा करावा लागे. तळाच्या फळ्या निदान पाण्यांत फुगून आपले सांधे आपणच मिटवितात. डेकचें नशीब याहून वाईट. तें दुपारीं तापतें, रात्रीं दंवानें भिजतें, त्यावर बर्फाच्या पेट्या आदळतात, आणि पावसाचें पाणी फटींत मुरतें. लांकूड कुजविणाऱ्या बुरशीस खाऱ्या पाण्यापेक्षां गोडें पाणी अधिक मानवतें. म्हणून समुद्रांत राहणारी नौका पुष्कळदां वरून कुजते.

यावरील नव्या उपायास बंदरावर नुसतें ‘फायबर’ म्हणतात. वितळलेल्या कांचेचे केसाहूनहि बारीक धागे काढून त्यांची चटई किंवा कापड करतात, आणि रेझिन नांवाच्या पातळ द्रव्यांत तें भिजवून लांकडावर बसवितात. पॉलिएस्टर जातीच्या रेझिनमध्यें शेंकडा एक-दोन या मानानें दुसरें एक द्रव्य मिसळलें, कीं तें आपल्याच उष्णतेनें तापून घट्ट होऊं लागतें. अमेरिकेंत १९४२ च्या सुमारास या पदार्थाच्या होड्या प्रथम झाल्या. पुढें हीच विद्या लांकडी नौकांच्या डागडुजीसहि उपयोगी पडली.

काम असें चालतें. प्रथम जुना रंग खरवडून सुतार मोगरीनें फळीफळी ठोकीत जातो. निरोगी फळी खणखणीत बोलते, कुजलेली भद्द वाजते. जेथें पटाशी मऊ रुतते, तेथील आणि त्यापलीकडचेंहि थोडें लांकूड कापून नवी फळी बसवावी लागते. नंतर गोड्या पाण्यानें मीठ धुऊन काढावें, कारण मीठ हवेंतील ओल ओढतें. आणि लांकूड पुरतें वाळूं द्यावें. कोपरे घासून गोल करावे, कारण कांचेची चटई धारेवरून नीट वळत नाहीं व खालीं पोकळी राहते. रेझिनचा पहिला हात दुपार कलल्यावर द्यावा. सकाळीं तापत्या लांकडांतील हवा बाहेर पडून फोड धरतात. उतरत्या उन्हांत तेंच लांकूड रेझिन आंत शोषून घेतें. मग चटई, त्यावर कापड, पुन्हा रेझिन, आणि प्रत्येक थरावर रूळ फिरवून अडकलेली हवा काढावयाची. स्क्रूचीं भोंकेंहि नीट बुजवावीं. पाणी बहुधा त्याच वाटेनें शिरतें. कांचेचीं कुसळें अंगांत शिरून खाज सुटते, आणि रेझिनची उग्र वाफ नाकास नुसतें फडकें बांधून अडत नाहीं. त्यासाठीं योग्य मुखवटाच लागतो.

एवढें समजल्यावर अडचण उरते ती पंचांगाची. जून व जुलै हे दोन महिने महाराष्ट्रांत यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. तेव्हां हात रिकामे असतात, पण हवा ओली. लांकूड वाळतें चैत्र-वैशाखांत, आणि तेच दिवस समुद्रावर जाण्याचे. नौका वाळूवर राहिली, कीं मालकाबरोबर खलाशांच्या घरचीहि चूल मंदावते. म्हणून ओल्याच फळीवर चटई चढवून मोकळें होण्याचा मोह पडतो. लग्नघरांतील पाझरत्या भिंतीवर चुन्याचा हात मारावा, त्यांतलाच हा प्रकार. भिंत निदान पुढल्या पावसांत डाग दाखविते. येथें वरचा तुकतुकीत पापुद्रा कांहींच दाखवीत नाहीं. आंत कोंडलेली ओल आपलें काम करीत राहते, आणि एके रात्रीं किनाऱ्यापासून दूर, जाळें ओढतांना चार माणसें एका जागीं पाय रोवून उभीं राहिलीं, म्हणजे तें कळतें. इपॉक्सी जातीचें रेझिन महाग असलें, तरी लांकडास पॉलिएस्टरपेक्षां अधिक घट्ट धरतें. परंतु ओल्या, कुजक्या लांकडास तेंहि वांचवूं शकत नाहीं.

तेव्हां सुवर्णदुर्ग पाहून परततांना एखादी नौका डेक उघडें टाकून उन्हांत पडलेली दिसली, तर ती मोडीत निघाली असें समजूं नये. शेजारच्या नौका मासळी घेऊन येत असतां तिच्या मालकानें भर हंगामांतील उत्पन्न सोडलें आहे. नारळी पौर्णिमेनंतर तिच्यावर चढणाऱ्या माणसांच्या पायांखालीं तें सोडलेलें उत्पन्नच असावयाचें आहे.